बाबा, सहीचं तेवढं बघा

मॅग्डेबर्ग, जर्मनी
8 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार. आजीला दंडवत.

फोनवर तुम्ही दोनदा "बरं हाय" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. मग खरं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलो. बारकीला वाचायला दिलं तर तिच्या सोयीचं तेवढंच वाचेल, तेव्हा चष्मा शोधा आणि तुम्हीच वाचा.

माझं ठीक चाललं आहे. थंडी सुरू झाली. ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे घेतात, त्यामुळे आता तुमच्यात आणि माझ्यात साडेचार तासांचं अंतर आहे. दुपारी साडेचारच्या आत दिवस बुडतो. जेवणाची काळजी करू नका. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकर अजून गोल होत नाही एवढंच. सोयाबीनचं पावसानं जे केलं ते आईनं सांगितलं. तुरीकडे लक्ष ठेवा, आणि पहिल्या वेच्याचा कापूस भाव नाही म्हणून घरात भरणार असाल तर निदान आजीच्या खाटेपासून लांब भरा. तिला खोकला आहे.

आता मुद्द्यावर येतो. आई म्हणाली, बारकीच्या शाळेची मुलींची टीम जिल्ह्यातून निघाली, आता विभागाचे सामने आहेत, आणि तुम्ही संमतीपत्र आठ दिवस खुंटीला अडकवून ठेवलं आहे. "हँडबॉल म्हणजे काय खेळ होय का? कबड्डी असती तर गोष्ट वेगळी होती," असं तुम्ही म्हणालात म्हणे. पी.टी.चे सर घरी येऊन गेले, तुम्ही त्यांना चहा पाजला आणि सही न करता वाटेला लावलं. तुमची ही पद्धत मला चांगली माहीत आहे. बँकेच्या वसुलीवाल्यालाही तुम्ही असाच चहा पाजता.

बाबा, हा खेळ आहे की नाही याचं उत्तर मी बसल्या जागी देऊ शकतो, कारण मी ज्या शहरात शिकतो ते या खेळावर जगतं. युनिव्हर्सिटीपासून ट्रामनं जाता येईल अशा अंतरावर गेटेक अरेना नावाचा हॉल आहे. साडेसहा हजारांच्या आसपास माणसं मावतात, आणि सामना असला की तो भरतो. हिवाळ्यात मी तिथे कोट सांभाळायचं काम करतो. लोक जाडजूड कोट काढून देतात, आपण नंबराचा बिल्ला द्यायचा, सामना सुटला की एका दमात साऱ्यांचे परत. मधल्या वेळात काम नसतं. मग आम्ही आळीपाळीनं दारात उभं राहून सामना बघतो. म्हणजे पैसे मिळतात आणि तिकीटही वाचतं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काही कळलं नाही, इतकं ते जोरात चालतं. मैदान 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद. एका बाजूला सात जण, त्यातला एक गोलकीपर. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव. गोल 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच, म्हणजे आपल्या गोठ्याच्या दारापेक्षा थोडा मोठा, आणि त्याच्यावर शंभर किलोमीटरच्या पुढच्या वेगानं चेंडू येतो. गोलकीपरच्या हातात ग्लोव्ह्ज नसतात. तो हातपाय फाकून उडी मारतो आणि लागेल तिथे चेंडू लागू देतो. एका सामन्यात एकेका बाजूनं तीस-तीस गोल होतात, तरी दर गोलाला माणसं उठून ओरडतात.

या खेळाची खुबी डीमध्ये आहे. गोलपुढे 6 मीटरवर एक रेघ असते, तिच्या आतली जागा म्हणजे डी, तिथे गोलकीपरशिवाय कोणी उभं राहायचं नाही. पण रेघेबाहेरून उडी घ्यायची, हवेत असताना चेंडू मारायचा आणि मग आत पडायचं, हे चालतं. सगळं खेळणं त्या हवेतल्या क्षणाभोवती आहे. विंगचा खेळाडू अगदी कोपऱ्यातून उडतो, तिथून त्याला गोल जवळजवळ दिसतच नाही. तो हवेत थांबल्यासारखा वाटतो, गोलकीपर पुढे सरकतो, आणि हा मनगट असं फिरवतो की चेंडू गोलकीपरच्या बाजूला जमिनीवर टप्पा घेतो आणि तिथून वळून आत जातो. दारातून मी हे अगदी जवळून बघितलं आहे. अजूनही मला पटत नाही की चेंडू असा वळतो.

त्याचं एक कारण हातांना लागलेली राळ. चिकट, पिवळसर. खेळाडू बुटाच्या टाचेवर तिचा गोळा चिकटवून ठेवतात आणि धावता धावता बोट लावून घेतात. अर्ध्या डावात चेंडू काळा पडतो, सामन्यानंतर दारांच्या मुठींनाही तीच चिकट. म्हणूनच इथल्या कितीतरी शाळांच्या हॉलमध्ये राळेला बंदी आहे.

मध्ये बचावाची जी भिंत उभी असते, तिच्यात दुसऱ्या बाजूचा एक दांडगा गडी घुसून उभा राहतो, त्याला पिव्होट म्हणतात. त्याची आणि बचाववाल्यांची जी धरपकड चालते ती बघून तुम्हाला आपल्या कबड्डीची आठवण होईल. तेच खांद्याला खांदा लावणं, तेच मांडी रोवून उभं राहणं. फक्त इथे मागून ओढलं, गळ्याला हात घातला की दोन मिनिटं बाहेर. तेवढा वेळ टीम एकानं कमी खेळते. तिसऱ्यांदा तसं झालं की लाल कार्ड. आणि एक नियम मला फार आवडतो. एखादी टीम गोल मारायचं सोडून नुसताच चेंडू फिरवत बसली, तर पंच हात वर करतो. हात वर गेला की पुढच्या चार पासांत गोलवर मारायचं, नाही तर चेंडू गेला. आपल्या ग्रामसभेत हा नियम आणता आला तर बघा.

या खेळाची इथली सगळ्यात वरची लीग म्हणजे हँडबॉल बुंडेसलीगा. 1966 साली सुरू झाली. आधी उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते, 1977 पासून सारा देश मिळून एकच. 18 टीम. प्रत्येकीनं दुसऱ्या प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा त्यांच्या गावी. म्हणजे मोसमात 34 सामने. शेवटी फायनल वगैरे काही नाही, ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. आणि तळाच्या दोन टीम खालच्या लीगमध्ये जातात, तिथून दोन वर येतात. तुम्ही टीव्हीवर आयपीएल बघता, तिथे टीम कितीही हरली तरी पुढच्या वर्षी तीच टीम तिथेच असते. इथे तसं नाही. खाली जाण्याची भीती असल्यामुळे तळातल्या दोघांचा सामनाही जीव खाऊन खेळला जातो.

गुण लिहायची रीतही मजेशीर आहे. नुसते मिळवलेले लिहीत नाहीत, गमावलेलेही शेजारी लिहितात. गेल्या जूनमध्ये मोसम संपला तेव्हा बर्लिनच्या फ्युक्स टीमचे होते 58:10 आणि मॅग्डेबर्गचे 57:11. एका गुणानं गेलं, आणि बर्लिनवाले त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियन झाले. त्यांच्याकडे माथियास गिडसेल नावाचा डेन्मार्कचा खेळाडू आहे. अंगानं सडपातळ, रस्त्यात दिसला तर कोणी वळूनही बघणार नाही, पण दोन बचाववाल्यांच्या मधल्या वीतभर फटीतून तो निघून जातो. आमच्या शहराचं तोंड पडलं होतं. आठ दिवसांनी कोलोनला चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, म्हणजे साऱ्या युरोपातल्या क्लबांची. समोर तेच बर्लिन. मॅग्डेबर्गनं 32-26 नं हरवलं. त्या रात्री मी बाहेर रस्त्यावर होतो. अभ्यास केला नाही, ते जाऊ द्या.

मॅग्डेबर्गच्या कोचचं नाव बेनेट व्हीगर्ट. त्याचे वडील इंगोल्फ व्हीगर्ट 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या सुवर्णपदक जिंकणाऱ्या टीममध्ये होते. मुलगा आधी याच क्लबकडून खेळला आणि आता दहा वर्षं होत आली, कोच आहे. तुम्हीही 'बापाचं वावर पोरानं करावं' म्हणता, म्हणून सांगितलं.

टीममध्ये आइसलँडचे खेळाडू आहेत, ओमार इंगी मॅग्नुसन, गिस्ली क्रिस्त्यान्सन. आख्ख्या आइसलँड देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, म्हणजे आपल्या अमरावती शहराहून कमी. तेवढ्यातून हे एवढे खेळाडू निघतात. हा गिस्ली 2023 च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात खांदा निखळून बाहेर गेला, दुसऱ्या दिवशी फायनल खेळला, जिंकला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. (हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नका.)

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. तुम्हाला वाटत असेल, हे सारं मोठ्या शहरांचं, पैशावाल्यांचं. तसं नाही. सगळ्यात जास्त वेळा, 23 वेळा, चॅम्पियन झालेली टीम कील शहराची आहे, ते ठीक. पण गुमर्सबाख म्हणून पन्नास हजार वस्तीचं एक गाव आहे, दर्यापूरपेक्षा थोडंच मोठं, त्याचा क्लब 12 वेळा जर्मनीचा चॅम्पियन झाला. हायनर ब्रांड हा तिथलाच, मोठ्या मिशांचा माणूस. 1978 साली खेळाडू म्हणून विश्वविजेता आणि 2007 साली कोच म्हणूनही. मेल्सुंगेन चौदा हजारांचं, तेही वरच्या लीगमध्ये आहे. आणि ग्रोसवालश्टाट! बायर्न राज्यात माइन नदीकाठचं खेडं, वस्ती चार हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या सर्कलमधल्या एखाद्या बऱ्या गावाएवढं. त्या खेड्याचा क्लब 1978 ते 1990 या काळात 6 वेळा जर्मनीचा चॅम्पियन होता. 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं सगळ्या युरोपचा चॅम्पियन होता. आज तो वरच्या लीगमध्ये नाही, पैशापुढे खेड्याचं किती दिवस चालणार. पण झालं होतं हे खरं आहे.

हे कसं झालं असेल, हे मला मोठ्या हॉलमध्ये कळलं नसतं. माझ्यासोबत कोटांच्या टेबलावर एक बाई काम करते, आईच्या वयाची. तिनं मला एका रविवारी तिच्या गावी नेलं. गाव लहान, बाजूला बीटची शेतं, सपाट आणि मोकळं, डोळे बारीक करून बघितलं तर पूर्णाकाठ वाटावं. शाळेच्या हॉलमध्ये सकाळी नऊपासून सामने. आधी सात-आठ वर्षांची चिल्लीपिल्ली, मग मुली, मग मुलं, मग बायांची टीम, शेवटी संध्याकाळी गड्यांची. दिवसभर एकच हॉल, एकच झेंडा, एकच कॉफीची किटली. दारात एक म्हातारी गल्ला घेऊन बसली होती. आत एका टेबलावर पोरांच्या आयांनी करून आणलेले केक, त्याचे जे पैसे येतील ते क्लबचे. सामन्याचा गुणतक्ता लिहिणारा माणूस सकाळी पोराच्या सामन्याला बाप म्हणून ओरडत होता. संध्याकाळच्या टीमचा पिव्होट सुतार, गोलकीपर शाळेत मास्तर. कोणाला एक पैसा मिळत नाही. उलट सारे दरमहा क्लबाची वर्गणी भरतात, खेळणारेही आणि न खेळणारेही. हे मूळचे गावागावातले व्यायाम मंडळच आहेत, कुठे कुठे शंभर-दीडशे वर्षांचे जुने.

त्या गावाची गड्यांची टीम तालुक्याच्या लीगमध्ये खेळते. तिथून वर जिल्ह्याची, मग राज्याची, मग देशाची तिसरी, दुसरी आणि शेवटी बुंडेसलीगा. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. कागदावर का होईना, जिंकत जिंकत गेलं तर खालची टीम वरपर्यंत पोचू शकते. बिटनफेल्ड नावाच्या गावाचा क्लब असाच चढत चढत 2015 साली वरच्या लीगमध्ये आला, आता तो स्टुटगार्टच्या नावानं खेळतो. देशाच्या हँडबॉल संघटनेचे सात लाखांहून जास्त सभासद आहेत, आणि त्यातले बहुतेक असेच केक विकणारे, गल्ला सांभाळणारे आणि रविवारी गुडघे फोडून घेणारे. वरच्या 18 टीम दिसतात, पण त्यांना खालून हे लोक उचलून धरतात. आपल्याकडे एकदम वरची लीग उभारायला जातात आणि खाली काहीच नसतं, हे माझं मत. 2023 च्या जूनमध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, 6 टीम होत्या, आणि जिंकली ती महाराष्ट्र आयर्नमेन. आपल्या गावात कोणाला माहीत आहे का? पी.टी.चे सर सोडून कोणालाच नसेल.

आपल्या गावात पैसा नाही असं म्हणू नका. दिवाळीनंतर टेनिस बॉलची नाइट क्रिकेट होते, पहिलं बक्षीस अमुक साहेबांकडून, दुसरं तमुक भाऊंकडून, एसटी स्टँडपासून मारुतीच्या पारापर्यंत फ्लेक्स. त्यात खेळतात ते सगळे पोट्टे. पोरींसाठी गावात एकही गोष्ट नाही. हँडबॉलला लागतं काय? दोन गोल, एक चेंडू आणि रेघा मारायला चुना. चाळीस बाय वीसची जागा शाळेमागे आहेच.

तुम्ही म्हणाल, मग या खेळात भविष्य काय. खोटं सांगणार नाही. पैसा नाही, इथेही फारसा नाही, आणि बायांच्या खेळात तर अगदीच कमी. याच वर्षीचं बघा. लुडविग्सबुर्गची बायांची टीम, आधी ती बीटिगहाइमच्या नावानं खेळायची, सलग चार वर्षं जर्मनीची चॅम्पियन होती. या उन्हाळ्यात क्लबाचं दिवाळं निघालं आणि मोसम सुरू होण्याआधीच ती टीम लीगमधून बाद झाली. देशातल्या सगळ्यात भारी खेळाडू, आणि एका महिन्यात साऱ्याजणी दुसरीकडे जागा शोधत होत्या. गड्यांचंही तसंच. हॅम्बुर्ग 2013 साली युरोपचा चॅम्पियन होता, 2016 च्या जानेवारीत पैसे संपले, मोसम अर्ध्यात सोडावा लागला, आणि त्यांनी खेळलेले सामने तक्त्यातूनच काढून टाकले. लीग दरवर्षी प्रत्येक क्लबाचे हिशेब तपासून परवाना देते, तरी हे होतं. तेव्हा बारकी यातून कमावेल अशा आशेनं सही करू नका. पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठीही करू नका. सर ते आमिष दाखवतीलच, आणि मिळालं तर घेऊ, पण त्याच्या भरवशावर पोरीला राबवायची नाही. दहावीचा अभ्यास पुढच्या वर्षी आहेच.

पण ती त्या दिवशी फोनवर जिल्ह्याच्या फायनलचं सांगत होती तेव्हा तिचा आवाज तुम्ही ऐकला नाही, तुम्ही वावरात होता. बाबा, ही तीच पोरगी आहे जी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. ती मला शेवटच्या दोन मिनिटांत कोण कुठे उभी होती, पास कोणी दिला, सरांनी टाइम आउट का घेतला, हे सारं घडाघडा सांगत होती. मध्ये मध्ये "दादा, आयक ना" म्हणत होती. यापेक्षा जास्त मला त्या खेळाकडून काही नको.

आणि कबड्डीच बरी, असं म्हणता म्हणून एक गोष्ट. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली होती आणि तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं करून आली, हे तुम्हीच मला लहानपणी सांगायचे. त्याच ऑलिंपिकमध्ये हँडबॉल पहिल्यांदा खेळला गेला. तेव्हा तो उघड्या मैदानावर, अकरा-अकरा जणांचा होता. जर्मनीनं सुवर्णपदक घेतलं. सात जणांचा, हॉलमधला हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आला तो 1972 साली म्युनिकला, आणि बायांचा 1976 साली मॉन्ट्रिअलला. म्हणजे आपले लोक आणि हा खेळ एकाच वर्षी एकाच शहरात उभे होते. परका कसा म्हणायचा? आणि पोरींना जमत नाही असं कोणी पारावर म्हणालं तर त्याला सांगा, 2022 साली कझाकस्तानात अल्माटीला भारताच्या ज्युनिअर मुलींनी आशियाई स्पर्धा जिंकली आहे.

लोक बघायला येत नाहीत म्हणून तो खेळ नाही, असंही तुमचं एक म्हणणं असतं. 10 जानेवारी 2024 ला ड्युसेलडॉर्फमध्ये फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंडचा हँडबॉलचा सामना झाला. 53,586 माणसं आली होती. जामठ्याचं स्टेडियम गच्च भरलं तरी एवढी होत नाहीत.

आता कामाचं. सरांना माझा नमस्कार सांगा आणि तीन-चार गोष्टी विचारा. मुक्कामाला मुलींसोबत बाई शिक्षक आहेत का. राहायची सोय शाळेत की दुसरीकडे. जेवण कोणाकडे. परतीला उशीर झाला तर कोण आणून सोडणार. ही विचारपूस बापानं करायचीच, त्यात सरांना राग येण्यासारखं काही नाही. पण चौकशी झाली की सही करा, चौकशीच्या नावाखाली तारीख जाऊ देऊ नका.

दुसरं, बुटांचं. चपला काढून अनवाणी खेळतात हे मला माहीत आहे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती किलो-किलोनं पायाला चिकटते. त्या भेगांवर चेंडूचा टप्पा कुठे जाईल याचा नेम नाही, आणि उडीवरून उतरताना पाय भेगेत गेला तर गुडघा संपला. या खेळात पोरींचे गुडघे फार जातात. मी थोडे पैसे पाठवतोय, त्यातून अमरावतीहून रबरी तळाचे बूट आणि गुडघ्याचे पॅड घ्या, स्वस्तातले नकोत. शाळेमागच्या जागेवर सरपंचांना सांगून दोन ट्रॉल्या मुरूम टाकून रोलर फिरवता आला तर फार बरं होईल. त्यांना म्हणावं, उद्घाटनाचा फ्लेक्स मी जर्मनीहून छापून पाठवतो.

तिसरं, चेंडू. शाळेत गड्यांचा मोठा चेंडू आहे असं ती म्हणाली. तो 58 ते 60 सेंटिमीटर घेराचा आणि साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. मुलींचा लहान, 54 ते 56 सेंटिमीटर आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. मोठ्या चेंडूनं सराव केला तर तिची पकड बसणार नाही आणि खांदा दुखेल. दोन नंबरचा मागा म्हणावं.

याच महिन्याच्या शेवटी बायांची जागतिक स्पर्धा सुरू होते, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये. मी जमतील तसे तुकडे बारकीला पाठवीन. तिच्या फोनचा डेटा संपला म्हणून तुम्ही ओरडू नका, तेवढे दिवस चालू द्या.

आजीचं औषध संपायच्या आत आणा. तुरीवर अळी दिसली तर दुकानदार देईल ते फवारू नका, आधी कृषी सहायकाला विचारा.

तुमचा,
मोठा

ता. क. बारकीसाठी: पंचानं शिट्टी तुमच्या विरोधात वाजवली की चेंडू तिथल्या तिथे खाली ठेवायचा. हातात धरून वाद घातलास की दोन मिनिटं बाहेर, आणि तू वाद घालतेस हे मला घरून माहीत आहे. कोपऱ्यातून उडी घेताना गोलकीपरकडे बघ, गोलकडे नको, ती हलली की जागा आपोआप दिसते. उतरताना दोन्ही गुडघे वाकव. आणि आईनं दिलेले लाडू पहिल्याच दिवशी साऱ्या टीमला वाटून टाक, दुसऱ्या दिवशी तसेही उरत नाहीत.